वाया गेलेले सातशे वीस फोटो

मी आकाशातून पडलेला एक कॅमेरा आहे. हसू नका, थापा मारायचं माझं वय राहिलेलं नाही.

घड्याळजींनी मला जुन्या बाजारातून आणलं तेव्हा त्यांची बायको म्हणाली, "अहो, घरात पाय ठेवायला जागा नाही, आणि हे काय नवीन खूळ?"

खूळच ते! हवामान खात्याचा असतो तसला मोठा फुगा आणायचा, मला त्याला बांधायचं आणि पृथ्वीची कड वाकलेली दिसेल इतकं उंच सोडायचं. चाळीस वर्षं घड्याळाच्या इवल्या चाकांत डोळा खुपसून बसलेल्या माणसाला एकदा काहीतरी अफाट बघायचं होतं. बाई शिवणकाम करायच्या. कुरकुरत का होईना, मला अलगद खाली आणणारी छत्री त्यांनीच शिवली.

दर पाच सेकंदांना एक, असे अठराशे फोटो माझ्यात मावणार होते. म्हणजे अडीच तास.

त्या सकाळी बाईंनी मला थर्माकोलच्या डब्यात बसवलं, विसरायला नको म्हणून बटण लगेच दाबलं आणि भिंगापुरतं भोक ठेवून डब्यावर कापडी खोळ शिवली. शिवून मैदानात पोचेपर्यंत तास गेला. फुगा भरून तयार होता. डबा हातात घेताच घड्याळजींनी कान टवकारले. आत टिकटिक चालू होती.

"कधी चालू केलास हा?"

"शिवायच्या आधीच. विसरले असते तर?"

"अगं, सातशे वीस फोटो वाया! आता सगळ्यात वरचे मिळणारच नाहीत. एक काम सांगितलं होतं तुला!"

वारा वाढत होता, खोळ उसवायला वेळ नव्हता. बाईंनी बाहीने माझं भिंग पुसलं.

मी वर गेलो. नदी दोऱ्याएवढी झाली. निळं आकाश काळं पडू लागलं आणि तेवढ्यात माझी जागा संपली. पुढचं मी नुसतं पाहिलं. मग फुगा फुटला, आणि मी कुठल्याशा जंगलात झाडाला लटकलो.

डब्यावर बाईंच्या मोबाइलचा नंबर होता, कारण फोन हमखास त्याच उचलायच्या. दीड वर्षाने एका वनरक्षकाने तो लावला. घड्याळजींनी उचलला. बाई पाच महिन्यांपूर्वी गेल्या होत्या, पण हे त्यांचा फोन रोज चार्ज करत होते. अंथरुणावरूनही त्या विचारायच्या म्हणे, "आला का हो फोन? माझ्यामुळेच घोळ झाला." आणि हे नुसतं "जाऊ दे" म्हणायचे.

घरी आणून त्यांनी माझ्यातले फोटो टीव्हीवर लावले. पृथ्वीच्या फोटोंपर्यंत घड्याळजी पोचलेच नाहीत. पहिले सातशे वीस फोटो बाईंचे होते. सुईत दोरा ओवताना, दाताने दोरा तोडताना, रिक्षात मला मांडीवर धरताना, कपाळावरचा चष्मा घरभर शोधताना. एरवी फोटो म्हटला की त्या भाजी करपत असल्याचं निमित्त काढून पळायच्या.

"बरं केलंस गं, लवकर चालू केलास," घड्याळजी म्हणाले. ऐकायला मीच होतो.

आता मी शिलाई मशीनवर असतो. समोर बाईंची खुर्ची आहे. घड्याळजी मला रोज पुसतात, बॅटरीही भरून ठेवतात. एकच मागणं आहे, मालक. मला पुन्हा चालू करू नका. ही रिकामी खुर्ची मला साठवायची नाही.