मानाच्या पाटावरचा गुडघा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी गुडघा आहे. सागातून मला कोरलं, मधे पोलादी खीळ घातली आणि नकली पायात बसवून मलकापूरच्या एका दवाखान्यात आणलं. वाकणं हाच माझा धर्म. पण डॉक्टर मार्तंडरावांचा सगळा भरवसा न वाकणाऱ्या ताठ पायावर! येईल त्याला तोच बांधायचे. मी फळीवर नुसता तळमळत होतो. खीळ गंजली तर आपलं काय, ही धास्ती जीव खात होती.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. सोनाळ्याच्या सत्यभामाबाईंचा पाय बैलगाडीखाली चिरडून मांडीपासून गेला होता. त्यांनाही ताठ पायच मिळाला. काही महिन्यांनी त्या नवऱ्याला, माणिकरावांना, घेऊन परत आल्या.

"डॉक्टरसाहेब, हा पाय उभा राहू देते, पण बसू देत नाही. पोराचं लगन हाय. विहिणीच्या पंगतीत मानाचा पाट माहा. विहीणबाई वाढाले आली का पाय सरळ तिच्या अंगावर! अन्नाले पाय दाखवू काय मी?"

"खुर्चीवर बसा. वाकणारा गुडघा दगा देतो. पडलात म्हणजे?"

"साहेब सांगून राह्यले त ऐक ना," माणिकराव म्हणाले.

"पडीन त उठीन. पण वरमाय खुर्चीवर जेवत नसते."

डॉक्टरांनी नाइलाजानं मला फळीवरून काढलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते घडलं. पण पहिल्याच पावलाला मी वाकलो. बाई ओसरीत आपटल्या. डॉक्टरांचा हात ताठ पायाकडे गेला.

"राहू द्या," बाई धापा टाकत म्हणाल्या. "पुन्हा बांधा."

पाऊल टाच दाबून टाकलं की मी वाकत नाही, हे त्या पडत-झडत शिकल्या.

लग्नात त्यांनी नणंदेचा खांदा धरला आणि मी वाकलो. पाऊल मागे लुगड्याखाली गेलं. त्या पाटावर बसल्या. विहीणबाईंनी वाढलं. मुलीकडच्या बायांनी रीतीप्रमाणे वरमायची गाणी म्हटली. तिच्या नाकाची, तिच्या खादाडपणाची मनसोक्त टर उडवली. पायाची आठवण मात्र कोणालाच झाली नाही. बाई हसता हसता डोळे पुसत होत्या.

आता माझे पट्टे झिजलेत. कोणी तेल घालायला विसरलं की मी कुरकुरतो. पण मित्रांनो, कोणाला पाय द्याल तेव्हा आधी एवढं विचारा, बाबा, तुला बसायचं कुठं आहे?