बी साइड फक्त आईसाठी

मी एक कॅसेट बोलतेय. साठ मिनिटांची, तीस या बाजूला, तीस त्या. आज मला कोणी विचारत नाही ते एक वेळ सोडा. कॅसेटचे दिवसच गेले, त्याला कोण काय करणार? पण या घराने मला 'खराब' ठरवलं ते मात्र मी ऐकून घेणार नाही. माझ्यात कधीच काही बिघडलं नव्हतं. म्हणून आज सगळं सांगून टाकते.

बडोद्यात मंगळबाजारातल्या एका दुकानात मी काचेच्या कपाटात पडून होते. शेजारी गरब्याच्या कॅसेट, भजनांच्या कॅसेट, सगळ्या भरलेल्या आणि त्याच तोऱ्यात. मी कोरी. १९९५ साली नवरात्राच्या आधी श्रीकृष्ण सबनीसांनी मला उचललं, उलटसुलट पाहिलं आणि स्कूटरच्या डिकीत टाकून कारेलीबागेतल्या आपल्या घरी आणलं.

श्रीकृष्णराव नंदेसरीच्या एका केमिकल कंपनीत मोठे साहेब. त्यांची एकुलती एक मुलगी आभा. इथे मेडिकलची जागा तिची थोडक्यात हुकली. पण ती पाचवीत असल्यापासून श्रीकृष्णरावांनी साऱ्या नात्यात सांगून ठेवलेलं, की आमची आभा डॉक्टर होणार. मग काय, पाठवली फिलिपिन्सला, समुद्रकाठच्या एका छोट्या गावातल्या कॉलेजात. मी पोचले तेव्हा तिला तिथे जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. भाजणीच्या आणि गोड्या मसाल्याच्या पुड्यांमध्ये दाबून मला पार्सलने धाडलं होतं. महिनाभर माझ्या अंगाला धण्याचा वास येत होता.

आता सबनीसांची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. श्रीकृष्णरावांचे आजोबा संस्थानच्या नोकरीत होते. फिरतीवर गेले की रोजचा दिवस लिहून वर कळवायचा, असा त्यांचा शिरस्ता. नोकरी गेली, संस्थान गेलं, शिरस्ता घरात राहिला. गावाबाहेर राहणाऱ्याने आपल्या एका दिवसाची हकीकत पाठवायची, उठल्यापासून झोपेपर्यंत. आणि ती रविवारी सकाळी सगळ्या नातलगांना बसवून, शेव-उसळीच्या बशा हातात देऊन, मोठ्याने ऐकवायची. आधी पत्रं वाचत, मग कॅसेट लावू लागले.

तर आभाने टेप खिडकीत ठेवून माझी ए साइड भरली. "साडेपाचला उठते. खिडकीतून समुद्र दिसतो. इथे जीपसारखी रंगीत गाडी असते, आपल्या छकडा रिक्षासारखीच खच्चून भरतात. आठला लेक्चर, मग लॅब. दुपारी भात आणि मासे, आत्याला आवडेल. संध्याकाळी समुद्राकाठी शहाळं प्यायचं. इथे सगळं मजामां." आवाज असा खुशीत, की मलासुद्धा खरं वाटलं.

मग तिने मला काढलं, उलटलं, आणि दुसऱ्या बाजूच्या लेबलवर पेनाने लिहिलं, 'बी साइड फक्त आईसाठी'.

तोच दिवस तिने पुन्हा सांगितला. उठायची वेळ तीच, समुद्रही तोच. पण ती जीपसारखी गाडी कॉलेजवरून पुढे निघून जायची. ॲनाटॉमीत ती तीनदा नापास झाली होती, आणि चार महिने वर्गात पाऊल टाकलं नव्हतं. सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत ती समुद्राच्या दगडी कट्ट्यावर बसून राही. ऊन चढलं की माडांची सावली सरकेल तशी आपण सरकायचं. काडीला टोचून साखरेत तळलेली केळी विकणारी एक बाई तिला 'डॉक्टर' म्हणून हाक मारायची. तेवढं ऐकलं की ही मान वळवून समुद्राकडे बघायची. चारला खोलीवर येऊन पांढरा ॲप्रन धुवायचा, मळलेला नसला तरी, कारण घरमालकिणीला तो दोरीवर दिसायला हवा.

"मला हे जमत नाहीये, आई," ती शेवटी म्हणाली. "मी परत येऊ का? हो की नाही, एवढंच याच बाजूला भरून पाठव. बाबांना तू समजाव." आणि बटण बंद केलं. पोरीने विश्वासाने आपलं सगळं माझ्या हवाली केलं होतं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

आईने, म्हणजे प्रतिमाबाईंनी, मी बडोद्याला परत पोचल्यावर मला दुपारी घरात कोणी नसताना लावलं. गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. शेंगा मोडायच्या थांबल्या. मला मागे फिरवून त्यांनी पुन्हा ऐकलं, पदराने डोळे पुसले, आणि उठून आभाच्या पलंगावर धुतलेली चादर घातली. मी मनात म्हटलं, झालं काम.

संध्याकाळी श्रीकृष्णराव घरी आल्यावर प्रतिमाबाईंनी सांगितलं, "अहो, ती कॉलेजात जातच नाहीये. परत येऊ का विचारतेय."

श्रीकृष्णरावांनी हातातला चहा खाली ठेवला. "हे आणखी कोणी ऐकलं?"

"नाही. मला एकटीलाच सांगितलंय तिने."

"मग तूही ऐकलं नाहीस. ये म्हटलंस की संपलं, पोरगी पुन्हा पुस्तक उघडायची नाही. थोडी कळ काढेल, लागेल अभ्यासाला. बी साइड कोरी निघाली म्हणून कळव."

"विश्वासाने बोललीय हो ती माझ्याशी."

"तिच्या भल्यासाठीच सांगतोय ना मी?"

प्रतिमाबाई काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, न बोलणं म्हणजे नकार. माणसांचं मला तेव्हा काय कळत होतं?

रविवारी नातलग जमले आणि ए साइड वाजली. श्रीकृष्णरावांची मोठी बहीण, दांडिया बाजारातली स्नेहलताआत्या, शेव चिवडत म्हणाली, "सरस हं! पोरीने नाव काढलं." श्रीकृष्णराव हसले. प्रतिमाबाई कुणाला पाव हवाय ते बघायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पुन्हा लावलं, बी साइडवर. लाल बटण आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही एकदम दाबली, आणि बोलायला लागल्या. एकेक वाक्य आभाच्या एकेका वाक्यावर चढत होतं. अहो, आईच लेकीचा आवाज पुसत होती, आणि तेही माझ्या अंगावर! सोसायटीच्या पाण्याची वेळ बदलली, समोरच्यांच्या मुलीचं ठरलं, पापड यंदा चांगले झाले. घड्याळाकडे बघत बघत बोलत होत्या, पण सांगायचं ते काही तोंडातून निघेना. शेवटी विषय संपले, तेव्हा एका दमात म्हणाल्या, "आणि हे बघ, तू पाठवलीस ती बी साइड कोरीच निघाली गं. काही ऐकू नाही आलं. कॅसेटच खराब असेल." आणि घाईघाईने बटण बंद केलं.

तिथे त्या चुकल्या. आभाची शेवटची तीन मिनिटं पुसायची राहून गेली.

पार्सल पोचल्यावर आभाने मला कट्ट्यावर बसून ऐकलं, कानाला वॉकमन लावून. आईचं 'खराब असेल' संपलं, खट् झालं, आणि लगेच तिचाच आवाज सुरू झाला, ॲप्रनपासून पुढचा सगळा. आईने सगळं ऐकलंय, ऐकून वर बोललीय, हे तिला त्याच क्षणी कळलं. ती रडली नाही. नखाने माझ्या पाठीवरच्या दोन्ही चिपा मोडल्या, म्हणजे आता माझ्यावर कोणाला काही भरता येणार नाही. मला बरोबर त्या 'कोरीच निघाली'वर फिरवून ठेवलं, त्या बाजूला नवं लेबल लावलं, 'रविवारची हकीकत', आणि पोस्टात टाकलं.

श्रीकृष्णरावांना वाटलं, पोरगी ताळ्यावर आली. रविवारी सगळे बसल्यावर त्यांनी मला थाटात लावलं. आधी प्रतिमाबाई बोलल्या, "कोरीच निघाली गं." मग आभा बोलली. ॲप्रन, दोरी, 'मला हे जमत नाहीये', 'मी परत येऊ का?' मी एक अक्षर गिळलं नाही. इतकं स्वच्छ मी आयुष्यात कधी वाजले नसेन.

मी वाट बघत होते, की कोणीतरी म्हणेल, अरे, बोलवा त्या पोरीला.

स्नेहलताआत्याने बशी खाली ठेवली. "कॅसेट बिघडलीय रे, श्रीकृष्णा. कुठलं कुठे वाजतंय."

"हो, खराबच आहे ती," श्रीकृष्णराव म्हणाले. मग सगळेच बोलू लागले, अमक्याकडच्या कॅसेटचंही असंच झालं होतं म्हणून. दहा माणसांनी आपल्या कानांनी ऐकलं, आणि दहाही जणांनी माझ्यावर ढकललं.

सगळे गेल्यावर प्रतिमाबाई म्हणाल्या, "आता तरी बोलावून घेऊ या तिला."

"आता?" श्रीकृष्णराव म्हणाले. "आत्ताच सगळ्यांना कॅसेट खराब म्हणून सांगितलं ना? उद्या ती दारात उभी राहिली, तर काय सांगणार आहेस?"

याचं दुःख मला सगळ्यात जास्त आहे. मला वाटलं होतं, मी बोलले की दार उघडेल. माझ्या बोलण्यानेच ते लागलं.

आभा डॉक्टर झाली नाही. तिथल्याच एका हॉटेलात कामाला लागली, पुढे तिथलीच झाली. सबनीस कारेलीबागेतून बडोद्यातच वासण्याला राहायला आले, टेपरेकॉर्डर देऊन टाकला, मला मात्र प्रतिमाबाईंनी कपाटात साड्यांखाली ठेवलं. परवा, म्हणजे २००७च्या दिवाळीत, आभा आली होती. "आठ दिवस तरी राहा," प्रतिमाबाई म्हणाल्या. "रजा नाही, आई," ती म्हणाली. पाहुण्यांना देतात तो टॉवेल तिला दिला होता, आणि तिने जाताना घडी करून परत दिला.

प्रतिमाबाई, तुमच्याशी माझं भांडण आहे, तरी एक सांगते. मोडलेल्या चिपांच्या भोकांवर चिकटपट्टी लावली की माझ्यावर पुन्हा भरता येतं. तिच्या प्रश्नानंतर माझ्यात पाच मिनिटांची फीत आहे, ती तेवढी खरोखर कोरी आहे. शेजारून एखादा जुना टेप मागून आणा आणि तिथून पुढे बोला. बारा वर्षं उशीर झालाय. तरी 'हो' म्हणायला पाच मिनिटं पुष्कळ झाली.