विरुद्ध बाजूची चिठ्ठी

घरात बायकोपुढे ज्याचं एक चालत नाही, तो माणूस शाळेत पोरांना वाद घालायला शिकवू लागला, तर गाव हसणारच. पितांबर मास्तरांचं तसंच झालं होतं. शहाद्याकडच्या एका इंग्रजी शाळेत ते शिकवत. साल एकोणीसशे सदतीस-अडतीसचं. बाकीचे मास्तर गायीवर नि घोड्यावर निबंध पाठ करून घेत. यांनी नवं खूळ काढलं. विषय द्यायचा, डब्यातून चिठ्ठी उचलायला लावायची. ‘बाजूने’ निघाली तर बाजूने लिहायचं, ‘विरुद्ध’ निघाली तर विरुद्ध. कारण द्या, दाखला द्या, समोरच्याचं म्हणणं खोडा, हा त्यांचा मंत्र. पोरं तयार होत होती, खोटं कशाला सांगा.

त्या थंडीत गावात एकच चर्चा होती: सातपुड्यातल्या भिल्लांच्या पोरांना इंग्रजी शाळेत घ्यावं की नाही. मास्तरांना वाटलं, इतका ताजा विषय हातचा का घालवा. त्यांच्या वर्गात डोंगरातला मुलगा एकच, दलसिंग. बोर्डिंगात राहायचा, बोलायचा कमी, लिहायचा सुरेख. डबा पुढे आला आणि नेमकी त्याच्याच हाती ‘विरुद्ध’ची चिठ्ठी आली. वर्ग हसला. मास्तरही हसले.

“खरी परीक्षा हीच,” ते म्हणाले. “मन बाजूला ठेव, मुद्दा मांड.”

त्याने मन बाजूला ठेवलं. असा निबंध त्या शाळेत कोणी लिहिला नव्हता. त्यातल्या एका इंग्रजी वाक्याचा अर्थ असा होता: ‘जो डोंगरात उपयोगी राहत नाही आणि गावात कोणाला हवा नसतो, असा माणूस घडवणं ही दया नव्हे.’ खाली त्याने आईचा दाखला दिला होता. पोरगा शाळेत, म्हणून ती रानात एकटी जाते. दुसऱ्या बाजूच्या एकाही पोराला ते खोडता आलं नाही. मास्तर हरखून गेले. पैकीच्या पैकी गुण दिले, निबंध फळ्यावर लिहिला आणि नमुना म्हणून सगळ्यांकडून उतरवून घेतला.

पुढच्या आठवड्यात दलसिंग पेटी उचलून गावी निघून गेला. घरी काम आहे, एवढंच सांगून.

तो गेला, पण निबंध गेला नाही. मास्तरांनी ‘बैलगाडी बरी की आगगाडी’ असा साधा विषय दिला, तरी वह्यांतून तीच वाक्यं वर येऊ लागली. कोणी शेवट तसा करी, कोणी सुरुवात. मास्तर वही तपासायला घेत आणि त्यांना दलसिंगचा हळू आवाज ऐकू येई. जेवताना येई, देवपूजेला बसले की येई. रिकाम्या बाकाकडे बघायचं ते टाळू लागले. अंगात कसर आहे, असं सांगून त्यांनी काढाही घेऊन पाहिला.

आणि एक दिवस ते वाक्य खरंच कानावर पडलं. शाळेच्या माठापाशी खालच्या वर्गातला भिला नावाचा डोंगरातला पोर पाणी प्यायला वाकला होता. त्याच्या डोक्यावरून कोणीतरी अस्खलित इंग्रजीत म्हणत होतं, ‘गावात कोणाला हवा नसतो असा माणूस.’ भिलाला इंग्रजी कळलं नाही. हसणं मात्र कळलं. तो पाणी न पिताच बाजूला झाला. बोलणारा मुलगा वळला. तो मोतीलाल होता, दलसिंगच्याच वर्गातला, मास्तरांचा स्वतःचा मुलगा!

घरी येऊन मास्तरांनी सगळं बायकोला सांगितलं. रंजनाबाई भाकरी थापत होत्या.

“त्याच्या नशिबाने चिठ्ठी निघाली तशी,” मास्तर पुटपुटले.

“नशीबनं नाव नका ल्या. डबामा चिठ्ठ्या कोणी टाक्यात?”

“अगं, तो नुसता अभ्यास होता.”

“मंग आपला मोत्याले शाळामा ठेवानं का काढानं, आसा विषय काब्र नही दिन्हा तुम्ही?”

 तो विषय मास्तरांच्या स्वप्नातही आला नसता.

“पोऱ्याना हातेच पोऱ्यानं घर जाळं तुम्ही,” रंजनाबाई हळूच म्हणाल्या, “आनि वर शाबासकी दिन्ही.”

मास्तर रजा काढून, डोंगर चढून दलसिंगच्या गावी गेले. दलसिंग अंगणात तूर झोडपत होता. त्याचा बाप रायसिंग याने खाट टाकली, पाणी दिलं.

“चल परत,” मास्तर म्हणाले. “तुझी जागा तिथे आहे.”

दलसिंगने काठी खाली ठेवली. “सर, माझा कोणता मुद्दा खोटा आहे?”

पोरांना मुद्दे खोडायला शिकवणाऱ्या माणसाला एक खोडता येईना. “मुद्दे नाही,” ते शेवटी म्हणाले. “विषयच खोटा होता. तुझ्या जागेचा निवाडा चिठ्ठीवर टाकायचा मला हक्क नव्हता.”

“मग पैकीच्या पैकी का दिले?”

मास्तरांचे डोळे भरून आले. 

“पोरगा येईल,” रायसिंग म्हणाला. “पण आधी तुम्ही त्या पोरांना सांगा. याच्या एकट्याच्या कानात सांगून काय होणार?”

मास्तरांनी सांगितलं. भर वर्गात, मोतीलालसमोर, स्वतःची चूक कबूल केली. ज्या फळ्यावर निबंध लिहिला होता, त्यावरच तो विषय पुन्हा लिहून खोडला, पोरांकडून वह्यांतली पानं काढून घेतली. मोतीलालने आपण होऊन भिलाला माठातलं पाणी भरून दिलं. दलसिंग परत आला, परीक्षेत वरच्या नंबराने पास झाला.

पण तुझं स्वतःचं मत काय, असं त्याला कोणी विचारलं, की तो क्षणभर थांबे आणि नम्रपणे विचारी, “कोणत्या बाजूने सांगू, सर?”

मास्तर म्हातारे होईपर्यंत त्या प्रश्नाने त्यांचा पिच्छा सोडला नाही. वाचकहो, वाद जरूर घालावा, मुलांनाही शिकवावा. पण एखाद्याने आपल्यात बसावं की नाही, हा वादाचा विषय होऊ देऊ नये. आणि त्याच्याच तोंडून तर कधीच नाही. वही फाडता येते, मनात उतरलेलं वाक्य फाडता येत नाही.