आडवा पडलेला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. पण मला कडी नाही, बिजागरी नाही आणि मी उभाही नाही. आडवा पडून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला सोसणं, हा माझा उतारवयातला उद्योग.

सुताराने मला सागवानातून घडवलं ते एका छापखान्यासाठी. तिथे माझा रुबाब होता. टकटक केल्याशिवाय मालकाचं तोंड दिसत नसे. छापखाना पाडला, तेव्हा तिथल्या एका कामगाराने मला हातगाडीवर घालून घरी आणलं. त्याचा मुलगा चाकाच्या खुर्चीत बसायचा आणि दारापुढे दोन बुटक्या पायऱ्या होत्या. बापाने माझ्या पाठीवर जुन्या टायरच्या पट्ट्या ठोकल्या आणि मी उतार झालो.

मला टाकायचं-उचलायचं काम मुलाच्या धाकट्या बहिणीकडे आलं. दिलं कुणीच नाही. तिने एकदा हात लावला आणि ते तिला चिकटलं. वरच्या मजल्यावरच्या काकू एकदा मला अडखळल्या, तेव्हापासून नेमच झाला. दादा निघाला की मला टाकायचं, गेला की भिंतीला टेकवायचं, आला की पुन्हा तेच. मी सागवानी, ती काडीपैलवान. काकू बघत आणि म्हणत, "किती गं गुणी पोर!" कौतुकात त्यांचा हात कधी आखडता नसे, मला धरायला मात्र तो कधी पुढे आला नाही. खरं सांगतो, मीही दमलो होतो. उचलला जाणाराही दमतो.

एका संध्याकाळी तिला पोहणं शिकवणाऱ्या बाई दारात आल्या.

"शिबिराला येत नाही म्हणते. म्हणे, पाण्याचा कंटाळा आला! अहो, हिला तलावातून ओढून बाहेर काढावं लागतं."

आई म्हणाली, "घरचं बघते ना ती. समजूतदार आहे."

पोर खाली मान घालून माझ्याकडेच बघत राहिली. खुर्चीतून दादा म्हणाला, "माकडे, खोटं बोलायचं तर जरा बरं तरी बोल."

दुसऱ्या दिवशी ती शाळेत असताना त्याने सुताराला बोलावलं. पायऱ्या माझ्या दुप्पट रुंद होत्या. मला एका कडेला सरकवून स्क्रूंनी पक्कं बसवलं की काकूंना वाट मोकळी. भिंतीला एक दांडा लावला की तो धरून दादा आपला आपण चढणार. त्याचे हात काय, दणकटच होते. इतकी वर्षं मला उचलायचंच सगळ्यांना सुचलं. सरकवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. काकू अडखळल्या होत्या, कारण मी मधोमध होतो!

ती घरी आली, सवयीने वाकली, मला हिसका दिला. मी हललो नाही.

"हे कुणी केलं?" ती भडकली. "मला न विचारता? मग मी काय करायचं आता?"

दादा म्हणाला, "पोहायचं."

ती माझ्यावरच बसली आणि कितीतरी वेळ रडली. तळहातावरचे घट्टे चोळत होती. हातातलं काम गेलेल्या माणसासारखी. मग तिने नाक पुसलं आणि विचारलं, "माझा टॉवेल कुठाय?"

मित्रांनो, तुमच्या ओळखीत असं एखादं गुणी पोर असेल. त्याला शाबासकी जरूर द्या. पण आधी दरवाजाचं दुसरं टोक धरा. आणि जमलंच, तर चार स्क्रू घेऊन या.