वासरांचा रंग

“तुझी ती नू जनावरं मला दाखव,” असे आईने आपण होऊन म्हटले, तेव्हा पारमुआतला खरेच वाटेना. न्दुतूच्या माळावर तो कित्येक वर्षे पाहुण्यांना जीपमधून नूंचे, म्हणजे त्या बैलासारख्या दिसणाऱ्या रानहरणांचे, कळप दाखवत फिरवत होता. पण आईने, नोलारीने, त्या कामाला कधी काम म्हटले नव्हते. गुरांमागे जातो तो मुलगा, अशी तिची सरळ समजूत. तो मान धाकट्या भावाला, लेतेइपाला मिळाला होता. गुरांविषयी पारमुआत काही बोलू लागला की ती म्हणे, “तू गाडीचं बघ.”

मे महिन्यात पाहुणे फारसे नसतात. मालकाने जीप दिली आणि पारमुआत हौसेने निघाला. वाटेत बाभळीखाली सिंहीण पहुडली होती. त्याने गाडी थांबवली.

“हिच्यात काय बघायचं?”

“येयो,” तो आईला म्हणाला, “हिला बघायला लोक समुद्र ओलांडून येतात.”

“त्यांच्या घरी गुरं नसतील,” आई म्हणाली. “चल पुढे.”

टेकाड ओलांडले आणि खालचा माळ काळा दिसू लागला. पाऊस संपला होता, तळी आटली होती आणि नूंचे कळप पश्चिमेला निघाले होते. जिथवर नजर जाईल तिथवर एकामागे एक, माना खाली घातलेली जनावरे. हंबरण्याचा आवाज जमिनीतून यावा तसा येत होता. इथे पाहुणे हमखास उठून उभे राहतात. पारमुआतने अपेक्षेने आईकडे पाहिले.

“वासरं दिसत नाहीत इथून,” ती वैतागून म्हणाली. “जवळ घे की!”

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. नूंची वासरे जन्मतात पिवळसर. ती तशी असेतोवर त्यांच्या नाकाडोळ्यांतले पाणी गवताला लागते, आणि ते गवत खाल्लेल्या गाईचे डोळे पांढरे होऊन ती मरते. वासरे काळवंडली की धोका सरतो. लेतेइपा जानेवारीपासून गुरे घेऊन डोंगरावर अडकला होता. तिथले गवत संपले होते, गाई आटत चालल्या होत्या. आई कळप बघायला आलीच नव्हती. ती आली होती रंग बघायला.

तो थोडा हिरमुसला. मग मोठा वळसा घालून कळपाच्या बराच पुढे गेला, उताराच्या तोंडाशी गाडी आडवी लावून इंजिन बंद केले.

“अरे, लांब कशाला आणलंस?”

“हलू नकोस. येतील.”

ती आली. आधी बिचकली, मग दोन्ही अंगांनी गाडीला घासून वाहू लागली. धूळ, शेणाचा वास, खुरांची टकटक. नोलारी काचेला नाक लावून बसली. हात पुरेल इतक्यावरून वासरे जात होती: काळी, करडी, काळी.

“झालं की काम,” पारमुआत म्हणाला.

“कळपाचं शेपूट बघितल्याशिवाय नाही. उशिरा व्यालेल्या मागे असतात.”

शेपटाला खरेच तीन पिवळी वासरे निघाली. नोलारीचा चेहरा उतरला. “म्हणजे अजून थांबायचं. गाई तग धरायच्या नाहीत रे.”

पारमुआत क्षणभर घुटमळला. हा गुरांचा विषय होता. “ही इथे थांबणार नाहीत, येयो. आता पाणी थेट नदीलाच आहे. वाटेत ती रात्रीसुद्धा चालतात. परवा हा माळ मोकळा असेल, आणि गवतावरचं ते पाणीही उन्हात सुकलेलं असेल.”

“नक्की?”

“माझं पोट त्यावरच चालतं. ही कुठे असतील ते आदल्या दिवशी सांगता आलं नाही, तर मला कोण ठेवेल?”

तिने त्याच्याकडे निरखून पाहिले, मग कमरेच्या कापडातून फोन काढला. डोंगरावरून लेतेइपाचा आवाज खरखरत आला. तो बहुधा वाद घालत होता.

“ते मला नको सांगू,” नोलारी म्हणाली. “पारमुआत म्हणतोय परवा, म्हणजे परवा गुरं खाली उतरव.”

तिने फोन ठेवला. पारमुआतने किल्लीला हात घातला.

“थांब ना,” शेवटच्या धुळीकडे बघत ती म्हणाली. “घाई काय आहे?”