बावीसची रेघ

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. लांबी एक फूट, रुंदी जेमतेम दोन बोटे. माझ्यावरचे पहिले दोन-तीन आकडे अंगठ्याने घासून पुसट झाले आहेत. माझे अर्धे आयुष्य कापडात गेले आणि अर्धे ऑइलमध्ये.

ज्या कारखान्यात मी तयार झाले, तिथे माझ्यासारख्या हजारो बहिणी एकाच दिवशी कापल्या गेल्या. त्यांतून मला निवडले शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी. दुकानात त्यांनी मला डोळ्यासमोर आडवे धरून वाकडी तर नाही ना, ते पाहिले. शून्य अगदी कडेपासून सुरू होते की नाही, तेही पाहिले. दुकानदार कंटाळला, पण मला बरे वाटले. आपल्याला कोणी इतके नीट पाहावे, असे कोणाला वाटत नाही?

बाईंच्या घराला लागूनच त्यांच्या नवऱ्याचे गॅरेज होते. नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणत. घर आणि गॅरेज यांच्यामध्ये एकच दार होते आणि ते दिवसभर उघडे असायचे. इकडे शिलाई मशीनची खडखड, तिकडे हातोडीची ठकठक. मी मात्र इकडची होते. फ्रॉकची दुमड, दोन बटणांमधले अंतर, खिशाची खोली, एवढेच माझे जग.

मग एके दिवशी मिस्त्रींच्या हातून मोठी चूक झाली. ती समजायला थोडे गाडीतले सांगावे लागेल. काही गाड्यांचे गिअर आपोआप बदलतात. अशा गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक गोल, जड डबा असतो. त्यात तेल भरलेले असते आणि इंजिनाचा जोर त्या तेलातून गिअरबॉक्सकडे जातो. त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. इंजिन चढवण्याआधी हा डबा गिअरबॉक्सच्या तोंडात बसवायचा असतो. तो नुसता ढकलून बसत नाही. हळूहळू फिरवत आत सोडावा लागतो. त्या गाडीत आत तीन ठिकाणी खाचा जुळाव्या लागत. एक जुळली की 'खट्' आवाज होऊन डबा थोडा आत उतरे. असे तीन वेळा. दोनच खट् झाले तरी डबा बसल्यासारखाच दिसतो. तिथेच माणूस फसतो.

मिस्त्री तसेच फसले. इंजिन पुरते भिडत नव्हते, म्हणून त्यांनी बोल्ट आवळून ते ओढून घेतले. गिअरबॉक्समधला तेलाचा पंप फुटला.

जेवताना त्यांनी हे सांगितले, तेव्हा बाईंनी विचारले, की डबा आत किती गेला ते मोजत का नाही? मिस्त्री म्हणाले, हाताला कळतं. बाई म्हणाल्या, "हाताला कळलं असतं तर पंप कशाला फुटला असता? मी एवढी वर्षं शिवतेय, पण अजून एक बाही अंदाजानं कापली नाही."

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन दारातून पलीकडे गेल्या. मिस्त्रींनी नवा पंप घालून डबा तिन्ही खट् होईपर्यंत नीट बसवला होता, इंजिन अजून चढवायचे होते. बाईंनी गिअरबॉक्सच्या तोंडावर एक सरळ लोखंडी सळी आडवी ठेवली आणि तिथून डब्यापर्यंत मला उभे धरले. खोली भरली बावीस मिलिमीटर. त्यांनी कात्रीच्या टोकाने माझ्यावर बावीसला एक रेघ ओढली. प्रत्येक जातीच्या गाडीचा आकडा वेगळा असतो, तो मिस्त्री पुस्तकात पाहत. पण त्यांच्याकडे जास्त येणाऱ्या व्हॅनचा आकडा तोच होता.

तेव्हापासून तसा रिवाजच पडला. डबा बसला की मिस्त्री दाराकडे तोंड करून हाक मारत, "पट्टी आण गं." बाई हातातले काम ठेवून येत, मोजत आणि आकडा मोठ्याने सांगत. मिस्त्री स्वतः कधी वाचत नसत. म्हणायचे, "आपण केलेलं काम आपणच तपासलं, की डोळे आपलीच बाजू घेतात." परत आल्यावर बाई मला साबणाने धूत आणि धुताना रोज तेच बोलत, की कापडाला ऑइल लागलं तर गिऱ्हाइकाला काय सांगू, फ्रॉकला इंजिन बसवलंय म्हणून? मिस्त्री रोज तितकेच हसत.

मित्रांनो, मग बाई आजारी पडल्या. दीड महिना अंथरुणावर होत्या. त्यानंतर त्या राहिल्या नाहीत.

मी मशीनच्या खणात होते, खडू, बॉबिन आणि अर्धवट दुमडलेल्या एका फ्रॉकबरोबर. सात महिने तो खण कोणी उघडला नाही. खणात दमट होते. माझ्यावर गंजाचा एक ठिपका आला. भिंतीपलीकडे मिस्त्री काम करत होते, पण आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्या परत पाठवत होते. ते काम आता मी करत नाही, एवढेच सांगत.

एका सकाळी शाळेची व्हॅन चालवणाऱ्या ताई आल्या. व्हॅन त्याच बावीसच्या जातीची होती आणि तिचे इंजिन जाम झाले होते. दुसरे इंजिन त्यांनी मिळवले होते, पण बसवणार कोण? अकरा मुले होती आणि त्यांतल्या दोघांना चालता येत नव्हते. सोमवारी शाळा उघडणार होती. मिस्त्री नाही म्हणाले. ताई गेल्या नाहीत, तिथेच स्टुलावर बसून राहिल्या. दुपारी मिस्त्रींनी पाना उचलला.

मी खणातून ऐकत होते. खट्. थोड्या वेळाने आणखी एक खट्. मग काहीच नाही. "बसला," मिस्त्री म्हणाले. त्यांनी हाक मारली नाही. इंजिन टांगलेल्या साखळीचा आवाज आला, इंजिन पुढे सरकले. ताई टॉर्च धरून वाकल्या असाव्यात. त्या म्हणाल्या, "भाऊ, पेन्सिल जाईल एवढी फट राहिलीय."

"बोल्ट आवळले की जाईल."

पाना बोल्टवर चढल्याची किणकिण झाली. मी गिअरबॉक्समधल्या पंपाचा विचार करत होते. त्या अकरा मुलांचाही. एका पट्टीला खणात पडून आणखी काय करता येणार?

पाना फिरल्याचा आवाज आला नाही. त्याऐवजी, सवयीने, हाक आली.

"पट्टी आण गं."

पाना खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग दारातून पावले आली. खण अडकला होता, तो दोनदा ओढावा लागला. मिस्त्रींनी आधी तो फ्रॉक उचलून बाजूला ठेवला. मला हातात घेऊन ते मशीनपुढच्या खुर्चीवर बसले. त्यांच्या अंगठ्याला ती रेघ सापडली. थोड्या वेळाने उठून त्यांनी तोंडावर पाणी मारले आणि गॅरेजमध्ये आले.

इंजिन मागे घेतले. सळी आडवी ठेवली आणि मला उभे केले. पण त्यांनी स्वतः वाचले नाही. "तुम्ही वाचा," ते ताईंना म्हणाले. ताईंनी चष्मा लावला. "दहा."

मिस्त्रींनी डब्यावर दोन्ही तळवे ठेवले आणि न ढकलता तो फिरवू लागले, थोडा इकडे, थोडा तिकडे. घाई केली नाही. तिसरा खट् झाला आणि डबा आत उतरला.

"बावीस," ताई म्हणाल्या. "बरोबर रेघेवर आहे. कोणी ओढलीय ही?"

"आमच्या हिनं," मिस्त्री म्हणाले.

या वेळी इंजिन हातानेच भिडले. बोल्ट नुसते धरायला लावले. आत बोट घालून फिरवल्यावर डबा मोकळा फिरला, तो फिरायलाच हवा. सोमवारी व्हॅन वेळेवर गेली.

मला आता दर वेळी साबणाने धुतात, पुसून कोरडी करतात. गंजाचा ठिपका मात्र गेला नाही. मित्रांनो, म्हणून एक मागणे आहे. तुमच्या हाताला कितीही कळत असो, मोजायला लाजू नका. आणि माणूस गेले म्हणून त्याची वस्तू खणात बंद करून ठेवू नका. तिला तिचे काम करू द्या.

अजूनही डबा बसला की मिस्त्री दाराकडे तोंड करून हाक मारतात, "पट्टी आण गं." मग हात पुसतात आणि मला न्यायला स्वतःच आत येतात.