अलोऱ्याचा काळा ससा

मागच्या पडवीत पिंजऱ्याची कडी खुट्ट वाजली. शमिका नुकतीच झोपली होती. तिच्या घामेजल्या मानेखालून हात अलगद सोडवला नि उठले. आमचे नवरे, दोघे भाऊ, मुंबईला; घरात आम्ही तिघीच. म्हणजे कडी काढणारी योगिनी, माझी धाकटी जाऊ. मी नसताना पिंजऱ्यात तिचं काय काम?

काळा नर तिनेच माहेराहून, अलोऱ्याहून आणलेला. "अस्सल आहे, वहिनी. आमच्याकडे पांढरं पिल्लू कधी झालंच नाही." दुकानदाराला काळेच ससे हवेत, आणि त्याच भरवशावर दोघींनी मिळून धंदा मांडायचं ठरवलेलं. पण दिसायला काळा असला तरी ससा आत पांढरा रंग लपवून असू शकतो, हे मी दापोलीला, कृषी विद्यापीठात शिकले होते. म्हणून त्याला मुद्दाम पांढऱ्या मादीजवळ सोडलं. लपलेला असेल तर तिच्या पिल्लांत बाहेर येतो. एक पांढरं पिल्लू झालं की संपलं, नर अस्सल नाही.

"माझ्या माहेराची परीक्षा घेताय होय?" एवढंच बोलून योगिनीने आपला चहा वेगळा केला. शमिकाची वेणी तेवढी अजून तीच घालते. सगळी काळी झाली तर तुझा शब्द खरा, असं मी कबूल केलं होतं.

"व्याली," मला बघून ती म्हणाली. "या, बघा. सगळी काळी."

मादीने स्वतःचे केस उपटून केलेल्या गादीत पिल्लं वळवळत होती. अंगावर लव नाही, पण कातडी काळपट. पांढरं असतं तर गुलाबी दिसलं असतं. गुलाबी एकही नव्हतं. तरी माझी नजर योगिनीच्या मिटलेल्या मुठीवर गेली.

तिने ते पाहिलं. सावकाश मूठ उघडली. वाळक्या गवताची काडी.

"पिल्लाला टोचत होती. झाली झडती? की ओढणी पण झटकू?"

"तसं नव्हे गो..."

"मग म्हणा, तुझा शब्द खरा."

ओठांवर आलं होतं. पण निघालं ते भलतंच. "आणखी एक वीण बघू या. एवढ्यावर खात्री नाही होत."

योगिनीने कडी लावली, जोरात.

शमिका दारात कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही. जाळीला नाक लावून तिने पिल्लं न्याहाळली. मग माझ्याकडे पाहिलं, काकूकडे पाहिलं.

"आई, किती काळी झाली की काकू खरी?"